अंग मोडून येतं तेव्हा

आपल्या घरांतून दुखणं जसजसं गंभीर होत जातं तसतसं त्याचं नाव इंग्रजी होत जातं. सर्दी मराठीत होते, खोकला मराठीत लागतो, तापही मराठीतच चढतो. उतरेनासा झाला की त्याचा टायफॉइड होतो. खोकला महिनाभर हटला नाही की टीबीची शंका येते. आणि त्याच्या पुढची जी नावं आहेत ती आपण इंग्रजीतसुद्धा अर्धीच घेतो, आवाज खाली आणून, आतल्या खोलीत आजारी माणूस पडलेला असतो म्हणून. ‘क्षय’ म्हणायला जीभ रेटत नाही, कारण क्षय म्हणजे झिजत जाणं हे प्रत्येकाला कळतं. ‘टीबी’ या दोन अक्षरांत कुणी झिजताना दिसत नाही.

रुग्णांना द्यायची माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं इंग्रजीतून मराठीत आणणं हे माझं काम आहे. त्या कामात सतत जाणवतं की इंग्रजी नाव आपल्याला थंड, स्वच्छ, थेट प्रयोगशाळेतून आल्यासारखं वाटतं. तसं ते वाटतं, कारण त्याच्या आत काय बोललेलं आहे ते आपल्या कानाला ऐकू येत नाही. शब्द उघडून पाहिला तर आत मार असतो, शिक्षा असते, वारा, ग्रह, जनावरं, मोडलेली हाडं असतात. सूक्ष्मदर्शक यायच्या कितीतरी आधी आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसांनी जे पाहिलं आणि आजाऱ्यानं कण्हत कण्हत जे सांगितलं, त्याची ती साक्ष आहे. कारणांच्या बाबतीत ती साक्ष बहुतेक वेळा चुकली. दुखतं कसं, हे सांगण्यात ती क्वचितच चुकली. म्हणून मला ती मोलाची वाटते.

‘डिसीज’ हाच शब्द घ्या. जुन्या फ्रेंचमध्ये आराम, निवांतपणा यांसाठी जो शब्द होता त्याला नकाराचा उपसर्ग लागून हा तयार झाला, आणि इंग्रजीत आला तेव्हाही त्याचा अर्थ जिवाला चैन नसणं इतकाच होता. विल्यम टिंडेल यांच्या १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात एक प्रसंग आहे. आजारी मुलीचा बाप येशूला बोलवायला आलेला असतो. तेवढ्यात घरून माणसं येऊन सांगतात की मुलगी गेली, आता गुरुजींना आणखी त्रास कशाला देता. या ‘त्रास देता’साठी टिंडेल यांनी ‘डिसीज’ हेच क्रियापद वापरलं आहे. १६११ च्या बायबलमध्ये त्या जागी ‘ट्रबल’ दिसतं. ‘डिसीज’ तोवर आजाराकडे बराच सरकला होता. आपला ‘अस्वस्थ’ अजून दोन्हीकडे पाय ठेवून उभा आहे. तापानं फणफणलेला माणूसही अस्वस्थ, आणि रात्री उशिरापर्यंत मुलगा घरी आला नाही म्हणून दारात उभी असलेली आईही अस्वस्थ.

‘इल’ हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून इंग्रजीत आला. तिथे त्याचा अर्थ नुसता ‘वाईट’. आधी तो माणसाच्या वागण्याबद्दल वापरला जाई, तब्येतीकडे तो बराच नंतर वळला. आपणही ‘आज बरं नाही’ असंच म्हणतो.

‘पेन’ मात्र मला सोपा जात नाही. लॅटिन ‘पोएना’ म्हणजे दंड, शिक्षा. कायद्याच्या पुस्तकातलं ‘पीनल’ आणि खेळातली ‘पेनल्टी’ याच घरातली. म्हणजे इंग्रजीत ‘मला दुखतंय’ म्हणताना माणूस नकळत ‘मला शिक्षा होते आहे’ असं म्हणतो. आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेली आपली माणसं काय म्हणतात? ‘भोग आहेत, भोगायचे.’ ‘कुणाचं काय वाईट केलं होतं मी?’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की रोमपासून विदर्भापर्यंत माणसाचं पहिलं उत्तर हेच का असावं, याचं वाईट वाटतं. शरीर दुखतं ते पुरेसं नसतं. त्यावर गुन्ह्याचा शिक्काही माणूस स्वतःच मारून घेतो. ‘पेशंट’ हा शब्द त्यामानाने प्रामाणिक आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सोसणारा. कशाबद्दल सोसतो आहे, याचा त्यात हिशेब नाही.

दुसरा मोठा घोळका मारण्या-पकडण्याच्या शब्दांचा आहे. ‘स्ट्रोक’ म्हणजे फटका. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लोक त्याला देवाच्या हाताचा फटका म्हणत. त्याआधीचा ‘अपोप्लेक्सी’ हा ग्रीक शब्दही हाणून पाडणं याच अर्थाचा. फेफऱ्याच्या झटक्यासाठीचा ‘सीझर’ म्हणजे पकड. ‘एपिलेप्सी’ म्हणजेही झडप घालून धरणं. पूर्वी ग्रीक लोक या आजाराला पवित्र म्हणत, कारण धरणारा देव आहे असं त्यांना वाटे. प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांपैकी एक याच आजारावर आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटलं आहे की इतर आजारांहून हा काही अधिक दैवी नाही, यालाही नैसर्गिक कारण आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे म्हणणं. आजही फेफरं आलेल्या पोराच्या नाकाशी चप्पल धरली जाते आणि नंतर अंगारा लावला जातो, तेव्हा मला त्या अनाम ग्रीक लेखकाची आठवण होते. संस्कृतात या आजाराला ‘अपस्मार’ म्हटलं गेलं, म्हणजे स्मरण निघून जाणं. त्यात धरणारा कुणी नाही. आजाऱ्याला मधल्या वेळाचं काही आठवत नाही, एवढंच टिपलेलं आहे. इतकं सरळ निरीक्षण इंग्रजी नावात नाही, हे मला अभिमानानं सांगावंसं वाटतं.

‘प्लेग’ याच घोळक्यातला. लॅटिन ‘प्लागा’ म्हणजे घाव, तडाखा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत तो शब्द जसाच्या तसा मराठीत शिरला. काखेत, जांघेत गाठ आली की लोक समजून जात. इंग्रजीतल्या ‘ब्युबॉनिक’चं मूळही जांघेसाठीच्या ग्रीक शब्दातच आहे, म्हणजे अथेन्सच्या आणि मांडवीच्या माणसानं हात ठेवून दाखवलेली जागा एकच. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना तोच रोग जडून सावित्रीबाई फुले गेल्या. ‘प्लेग’ या शब्दाचा अर्थ घाव आहे हे त्या पिढीला कुणी कोशातून सांगायची गरज नव्हती.

कॅन्सरचा खेकडा पुष्कळांना माहीत असतो. हिपॉक्रेटिसच्या परंपरेत तो ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, होता, रोमन लेखकांनी त्याचं लॅटिन केलं, आणि मराठीनं त्यावरून ‘कर्करोग’ घडवला. गंमत म्हणजे राशीचक्रातला आपला कर्क आणि ग्रीकांचा कार्किनोस हे मुळातच एकमेकांचे भाऊबंद आहेत. खेकडाच का? रोमन काळातला ग्रीक वैद्य गेलन यानं सांगितलं की गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. सातव्या शतकातला वैद्य पॉल ऑफ एजिना याने आणखी एक मत नोंदवलं आहे: धरलेली जागा हा रोग सोडत नाही, म्हणून. कोकणातल्या कुणालाही दुसरं कारण पटेल. कुर्लीनं नांगीत बोट धरलं की काय होतं ते तिथं लहान मुलांनाही ठाऊक असतं.

आता ज्या शब्दासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येतो.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. इथल्या औषधी आणि रोगांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, वर्णन आहे आणि इथले लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात अशी नोंद आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं ‘मोर्देशी’ झालं. फ्रेंचांनी ते ऐकलं आणि त्यांना त्यात ‘मोर द शियाँ’ ऐकू आलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. रोगच असा की हे नाव कुणाला खोटं वाटलं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंदुस्थानातले इंग्रजही पटकीला हेच फ्रेंच नाव वापरत होते. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हा सगळा प्रवास दिला आहे, आणि मूळ म्हणून दिला आहे कोकणी-मराठी शब्द, मोडशी. मोडणे या क्रियापदावरून.

मोडशी! माझी मावशी परवापरवापर्यंत हा शब्द वापरायची. लग्नात चार जिलब्या जास्त झाल्या की ‘मोडशी झाली’ म्हणून आलं-लिंबाचा रस पुढे करायची. घराघरांत अपचनापुरता उरलेला हा शब्द एके काळी जहाजांवरून लिस्बनपर्यंत गेला होता, फ्रेंचांच्या तोंडी कुत्र्याचं मरण झाला होता, आणि इंग्रज डॉक्टरांच्या कागदपत्रांत जाऊन बसला होता. हे कळल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही.

पुढे ‘कॉलरा’नं त्याला हटवलं. तो शब्द ग्रीक, पित्ताशी नातं सांगणारा. युरोपात तो आधी उन्हाळ्यात होणाऱ्या साध्या उलट्या-जुलाबांसाठी वापरात होता. १८१७ मध्ये बंगालमध्ये भयंकर साथ उसळली, १८१८ मध्ये ती मुंबईला पोचली, आणि ते जुनं सौम्य नाव या नव्या संकटाला चिकटलं. त्याच मुळाचा जुना इंग्रजी शब्द ‘कॉलर’ म्हणजे राग, आणि आपल्याकडेही रागावलेल्या माणसाचं पित्त खवळतं. पण पटकीचं कारण पित्तात नव्हतं. १८५४ मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं. रोग पाण्यातून येत होता. ‘कॉलरा’ या शब्दानं कारण सांगायचा प्रयत्न केला आणि तो चुकला. ‘मोडशी’ कारणाच्या वाटेला गेलीच नाही. माणूस आतून मोडतो, काही तासांत कोसळतो, एवढंच ती सांगते, आणि ते आजही खरं आहे.

मोडणे हे क्रियापद एकदा दिसलं की मग ते सगळीकडे दिसू लागतं. ताप यायच्या आधी आपण काय म्हणतो? अंग मोडून आलंय. १९१८ साली जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला आणि सैनिकांबरोबर, रेल्वेबरोबर देशभर पसरला. एक कोटीहून जास्त माणसं हिंदुस्थानात त्यानं नेली असा अंदाज आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांनी त्याला नाव दिलं मानमोडी. बाहेरून आलेलं नाव इटालियन होतं. त्याचा अर्थ प्रभाव, म्हणजे ग्रहताऱ्यांचा प्रभाव. १७४३ मध्ये इटलीतून साथ आली तेव्हा तो शब्द इंग्रजीत आला. इटालियन माणूस आकाशाकडे बघत होता. मराठी माणसानं आपल्या मानेवर हात ठेवला. एका घरात तीन-तीन प्रेतं असताना ग्रहांचा विचार करायला वेळ कुणाला होता?

डेंग्यूला मराठीत हाडमोड्या ताप म्हणतात. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये १७८० साली अशीच साथ आली होती. बेंजामिन रश या डॉक्टरनं तिचं वर्णन करताना लोकांच्या तोंडचं नाव लिहून ठेवलं: ब्रेकबोन फीवर. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या दोन मुलखांत हाडांनी एकच शब्द सुचवला. चिकुनगुनियाचीही तीच गोष्ट. १९५२ च्या सुमाराला आजच्या टांझानियात ही साथ ओळखली गेली. तिथल्या माकोंदे भाषेत या शब्दाचा अर्थ वाकून जाणं. सांधे इतके दुखतात की माणूस सरळ उभा राहू शकत नाही. २००६ च्या साथीत आपल्याकडे त्याचं ‘चिकनगुनिया’ झालं आणि कोंबडी खाल्ल्यानं हा ताप येतो का, असं लोक विचारू लागले. एका आफ्रिकी खेडुतानं आपल्या वाकलेल्या पाठीकडे पाहून दिलेलं नाव, आणि आपल्यापर्यंत येईतो त्यातली पाठच हरवली. माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीत मी आवर्जून लिहितो की या नावाचा अर्थ वाकवणारा ताप असा आहे. छापताना काही जण ती ओळ जागा वाचवायला काढून टाकतात. मी पुन्हा घालतो.

खुद्द ‘रोग’ हा शब्द ज्या संस्कृत धातूपासून आला त्याचा अर्थही मोडणे, भंग करणे. आणि त्याच्या समोर इंग्रजीतला ‘हेल्थ’ ठेवला की अंगावर काटा येतो. ‘हेल्थ’, ‘हील’ आणि ‘होल’ हे एकाच जुन्या शब्दाचे फाटे आहेत, आणि त्याचा अर्थ अखंड, सबंध. ‘होली’ म्हणजे पवित्र, तोही तिथलाच. आपण मोडण्याला नाव दिलं, त्यांनी न मोडलेपणाला. बरं करणं म्हणजे त्यांच्या भाषेत पुन्हा सबंध करणं. हाडवैद्यानं खपच्या बांधताना दुसरं काय करायचं असतं?

‘मलेरिया’बद्दल थोडं सांगायला हवं, कारण चुकीच्या नावाचा त्याच्यापेक्षा चांगला दाखला नाही. इटालियनमध्ये ‘वाईट हवा’. रोमभोवतीच्या दलदलीतून उठणारी हवा माणसाला आजारी पाडते अशी समजूत होती. आपल्याकडेही माणसाच्या अंगावरून वारं जातं, पोरीला बाहेरचं वारं लागतं, वात झाला की रोगी बरळतो. हवेवर संशय घेण्यात आपण मागे नव्हतो. अल्मोड्यात जन्मलेले रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला आणि हवा निर्दोष सुटली. पण दलदलीपासून लांब राहा, पाणी साचू देऊ नका, ही त्या चुकीच्या समजुतीतून निघालेली शिकवण बरोबरच होती. बोट चुकीच्या गुन्हेगाराकडे होतं, पण घर बरोबर दाखवलं होतं. मराठीतला ‘हिवताप’ मला अधिक आवडतो. आधी हीव, मग ताप. गोधड्यांवर गोधड्या घालूनही दात वाजणाऱ्या माणसानंच तो शब्द घडवला असणार.

‘क्वारंटाइन’मध्ये चाळीस दिवस आहेत. आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोवनिक शहरानं, म्हणजे तेव्हाच्या रागुसानं, १३७७ मध्ये साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवायचा नियम केला. पुढे व्हेनिसमध्ये चाळीस दिवसांची रीत रूढ झाली आणि नाव तिथून आलं. २०२० मध्ये कोकणातल्या गावागावांत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना शाळेत चौदा दिवस ठेवत, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडीही तो शब्द बसला होता.

काही शब्दांत आजार नसतोच, काम असतं. हे शब्द मला सर्वांत जास्त आनंद देतात. ‘नॉशिया’ म्हणजे मळमळ. मूळ ग्रीक शब्द जहाजाचा. तोच आपल्या नौकेचा, नावेचा, नावाड्याचा नातलग. मळमळीचा शब्द जहाजात जन्मला कारण ग्रीक माणूस समुद्रावर गेला की त्याच्या पोटात ढवळायचं. आणि मराठी काय म्हणते? बोट लागते. मुंबईहून कोकणात बोटीनं जायचे दिवस संपले, आता घाटात गाडी लागते, एस्टी लागते, पण क्रियापद तेच. जणू वाहनच अंगाला येऊन बसतं, दृष्ट लागावी तसं.

‘डेलिरियम’ म्हणजे तापात बरळणं. लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे नांगरटीची रेघ, आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत तास. बैल तास सोडून भरकटला की जे होतं ते ‘डेलिरियम’. हा शब्द कोण्या वैद्यानं बनवला नसणार. दिवसभर नांगर धरून संध्याकाळी घरी आलेल्या माणसानं तापातल्या बापाचं बोलणं ऐकलं, ते एका ओळीत चालेनासं झालं होतं, आणि त्याला आपलं शेत आठवलं, असंच मी मनाशी धरून चालतो.

‘इनॉक्युलेशन’मध्ये डोळा आहे. लॅटिन ‘ओक्युलस’ म्हणजे डोळा, आणि झाडाचा डोळाही. एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा, या कलमाच्या कामाचं नाव पुढे रोगाची लस माणसाच्या कातडीत घालण्याला मिळालं. नागपुरी संत्र्याची कलमं करणारा माळी आजही ‘डोळा भरला’ असंच म्हणतो. त्याच्या हातातला चाकू, सालीला दिलेली खाच, आत सरकवलेला डोळा आणि वरून बांधलेली पट्टी पाहिली तर जुन्या टोचणाऱ्याचं काम कसं चाले ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिथून ‘व्हॅक्सिन’ फार लांब नाही. ‘वाक्का’ म्हणजे गाय. एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी एका गवळणीच्या हातावरच्या गायीच्या देवीच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या मुलाला टोचला, आणि १७९८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. नंतर लुई पाश्चर यांनी जेन्नर यांच्या सन्मानार्थ तोच शब्द सगळ्या लसींना लावला, म्हणून पोलिओच्या थेंबांतही नावापुरती गाय असते. ती लस या देशात आली ती मुंबईला. शीतपेटी नव्हती. बगदाद-बसऱ्याकडून ती एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत ठेवत आणली गेली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, आणि तिथून लस देशभर गेली. मराठीनं गाय घेतली नाही. तिनं ‘लस’ हा शब्द ठेवला, म्हणजे फोडातून येणारा तो चिकट द्रवच. जे डोळ्यांना दिसलं तेच नाव. रोग मात्र देवीच राहिला, आणि टोचून घेणं म्हणजे देवी काढणं.

मोतीबिंदूचंही सांगून टाकतो. इंग्रजीत ‘कॅटॅरॅक्ट’ म्हणजे धबधबा, किंवा किल्ल्याच्या दारावर वरून खाली सोडायचा लोखंडी अडसर. आपल्या माणसानं म्हाताऱ्या डोळ्यात पांढुरका थेंब पाहिला आणि त्याला मोती म्हटलं. ज्याची दृष्टी जाते आहे त्याच्याशी इतक्या हळुवारपणे बोलणारा शब्द मी दुसऱ्या भाषेत पाहिलेला नाही.

पण सगळेच जुने शब्द जपून ठेवावेत असं मला वाटत नाही. ‘हिस्टेरिया’ गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. शतकानुशतकं बायकांचं रडणं, थरथरणं, गप्प होणं त्या एका शब्दात कोंबलं गेलं आणि त्यांचं म्हणणं ऐकायची गरज उरली नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीतून ते निदान १९८० मध्ये गेलं. मराठी मालिकांतून अजून गेलेलं नाही. ‘लेप्रसी’चा मूळ अर्थ खवलेपणा, सोलपटणं, इतकाच होता, पण त्याबरोबर वाळीत टाकणंही चिकटलं. आपला ‘महारोगी’ त्याहून कठोर. गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत त्याचा जंतू दाखवला, औषधं आली, रोग बरा होऊ लागला, तरी तो शब्द शिवी म्हणून वापरला जातोच. अशा नावांच्या जागी कोरडं, जंतूचं किंवा डॉक्टरचं नाव आलं तर मला बरंच वाटतं. ‘हॅन्सनचा आजार’ या नावात कुणी खवले मोजत नाही.

आता जो शब्दांचा साठा अजून कुठल्याच तपासणीच्या कागदावर पुरेसा उतरलेला नाही, त्याबद्दल. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ‘किती दुखतं’ हे आकड्यात विचारून त्यांचं समाधान होत नव्हतं. दुखणं कोणत्या जातीचं आहे हे माणसाच्या शब्दांतूनच कळेल, म्हणून त्यांनी ७८ शब्द २० गटांत लावले. कुठे धडधडणारं, कुठे भोसकणारं, कुठे कुरतडणारं. जगभरातल्या दवाखान्यांत त्यावरून काम चालतं.

ती यादी पहिल्यांदा समोर आली तेव्हा मी आमच्या घरातले शब्द शेजारी लिहायला लागलो. ठणका लागतो तो पू धरलेल्या बोटाला किंवा दाढेला, आणि ठसठस त्याच्या आधीची. कळ येते आणि जाते, म्हणून बाळंतपणात कळा असतात, ठणका नसतो. उसण भरते पाठीत, चमक निघते कमरेतून, सणक जाते डोक्यात. पायांना रग लागते, पिंढऱ्यांत गोळा येतो, पोटात मुरडा पडतो. भाजलेलं हुळहुळतं, खरचटलेलं चुरचुरतं, जखम भरत आली की खाजते. सलतं ते आत काही राहून गेलेलं असतं, काटा किंवा काच. अंगात कसर असते तेव्हा थर्मामीटर काही दाखवत नाही, पण माणसाला कळतं. कणकण त्याच्या एक पायरी वर. इतकं बारीक सांगणारी माणसं तपासणीच्या टेबलावर बसली की ‘दुखतंय’ एवढंच बोलतात, कारण समोरचा कागद इंग्रजीत असतो आणि डॉक्टरांना वेळ नसतो. मग छातीत ‘चमक निघते’ म्हणणाऱ्याला आणि छातीवर ‘दगड ठेवल्यासारखं होतं’ म्हणणाऱ्याला एकाच रकान्यात बसवलं जातं. या दोघांत ज्याच्याकडे तातडीनं पाहायला हवं तो दुसरा असू शकतो.

नव्या डॉक्टरांना, विशेषतः परप्रांतातून शिकायला आलेल्यांना, वॉर्डातल्या परिचारिका हे शब्द शिकवतात, हे मी पाहिलं आहे. ‘त्या बाई उसण म्हणतायत, कळ नाही,’ असं एखादी सिस्टर सांगते आणि तपासणीची दिशा बदलते. मी हल्ली माहितीपत्रकात ‘मायाल्जिया’ आलं की ‘स्नायुवेदना’ लिहून थांबत नाही. पुढे लिहितो, ‘अंग मोडून येणं’. संपादकांकडून कधीकधी प्रश्न येतो की हे बोलीतलं आहे, चालेल का. मी त्यांना मोडशीची गोष्ट लिहून पाठवतो, ऑर्तापासून ‘हॉब्सन-जॉब्सन’पर्यंत, आणि ते तसंच राहू द्या असं कळवतो.